नेम डोळ्याचा, चाप हाताचा

दोन्ही हात समोर लांब ताणा. तळवे बाहेरच्या बाजूला ठेवा आणि अंगठा-तर्जनीमधल्या बेचक्या एकमेकींवर अशा बसवा की मधे रुपयाच्या नाण्याएवढी फट उरेल. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू बघा. भिंतीवरचं घड्याळ चालेल, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्याहून बरी. दिसली? हात तसेच ठेवून आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. एकदा टाकी जागच्या जागी राहील, एकदा फटीतून पार नाहीशी होईल. ज्या डोळ्याला ती दिसत राहिली, तो तुमचा मुख्य डोळा. नेमबाजीच्या रेंजवर त्याला ‘डॉमिनंट आय’ म्हणतात.

कुठल्या डोळ्यानं बघायचं हे हात वर करताना तुम्ही ठरवलं नव्हतं. मेंदूनं ते परस्पर ठरवून टाकलं आणि तुम्हाला कळवलंही नाही. पिस्तूल हातात आलं की हाच परस्पर घेतलेला निर्णय गोळी कुठं जाणार ते ठरवतो.

काठीवाला नेपल्सकर

ही गोष्ट लिहून ठेवणारा पहिला माणूस म्हणून जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता या नेपल्सच्या विद्वानाचं नाव घेतलं जातं. प्रकाशाच्या वक्रीभवनावरच्या १५९३ सालच्या ग्रंथात त्यानं साधा प्रयोग सांगितला: समोर काठी उभी धरा, ती दूरच्या खुणेच्या रेषेत आणा आणि एकेक डोळा मिटून बघा. एका डोळ्याला काठी खुणेवरच राहते, दुसऱ्याला ती बाजूला उडी मारते. आजही ही चाचणी पोर्ताच्याच नावानं चालते, फक्त काठीच्या जागी बोट आलंय.

सुरुवातीला तुम्ही केलीत ती फटीची चाचणी वॉल्टर माइल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या नावाची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो यासाठी हाताऐवजी पुठ्ठ्याचा नरसाळ्यासारखा कोन वापरायचा. रुंद तोंड चेहऱ्याला लावायचं, निमुळत्या टोकातून बघायचं. दोन्ही डोळे उघडे असले तरी बारीक भोकातून प्रत्यक्षात एकच बघू शकतो. याच माइल्सनं दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी लाल काचेचे गॉगल सुचवले. रात्रीच्या उड्डाणाआधी अंधारात बसून डोळे सरावून घेण्याऐवजी लाल गॉगल लावून उजेडात बसायचं. अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे गॉगल काढला की डोळे काळोखाला तयारच असतात.

एक सूचना. चाचणी दोन्ही हातांनीच करा. एकाच हाताचं बोट वर केलंत तर तो हात आपल्या बाजूच्या डोळ्याकडे झुकतो आणि निकाल बिघडतो. दोन-चारदा करा, जवळच्या आणि लांबच्या अशा दोन्ही वस्तूंवर करा. काहींचा मुख्य डोळा ठाम असतो, काहींचा डळमळीत, आणि थोड्या लोकांना तो नसतोच म्हटलं तरी चालेल.

उजवा हात, डावा डोळा

दहातली नऊ माणसं उजव्या हातानं लिहितात. डोळ्यांचं प्रमाण मात्र वेगळं आहे: उजवा डोळा मुख्य असणारे साधारण तीनात दोन, डावा असणारे तीनात एक. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की लगेच लक्षात येतं, हात उजवा आणि डोळा डावा अशी पुष्कळ माणसं असणारच. उजव्या हाताच्या माणसांत ती जवळजवळ तिसरा हिस्सा आहेत. तीस मुलांच्या बॅचमध्ये आठ-दहा मुलं अशी निघाली तर नवल नाही. डावखुऱ्यांत तर निम्म्याच्या आसपास माणसांचा हात आणि डोळा वेगवेगळ्या बाजूंचे असतात.

हात आणि डोळा एकमेकांना बांधलेले नसण्याचं एक कारण शरीराच्या जोडणीत आहे. उजवा हात मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्याच्या ताब्यात असतो. डोळ्यांचं तसं नाही. प्रत्येक डोळ्यातून निघणाऱ्या तंतूंची वाटणी होते आणि ते मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांत जातात. दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू उजव्या अर्ध्यात पोहोचते आणि उजवी बाजू डाव्यात. त्यामुळे ‘उजव्या हाताचा म्हणून उजव्या डोळ्याचा’ हा हिशेब मुळातच बसत नाही.

आणि मुख्य डोळा म्हणजे तेज डोळा असंही नाही. चष्म्याचा नंबर ज्या डोळ्याला जास्त आहे तोच मुख्य असू शकतो.

दोन पिस्तुलं, दोन टार्गेटं

आता पिस्तुलाकडे. मागच्या साइटला एक चौकोनी खाच असते, नळीच्या टोकाला पुढची साइट म्हणजे एक छोटा उभा ठोकळा. ठोकळा खाचेत बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका पातळीत. असं जमलं की नेम धरला. म्हणजे मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एका रेषेत आणायच्या, आणि डोळा एका वेळी एकच अंतर स्वच्छ दाखवतो.

त्यात दोन्ही डोळे उघडे असले की आणखी एक प्रकार घडतो. नजर टार्गेटवर रोखली की पिस्तुलं दोन दिसतात, पुढच्या साइटवर रोखली की टार्गेटं दोन दिसतात. हा दोष नव्हे. समोर अंगठा धरून त्याच्या पलीकडे बघा, कुणालाही अंगठे दोनच दिसतील. रोजच्या व्यवहारात मेंदू यातलं एक चित्र बाजूला सारतो. नेम धरताना कुठलं चित्र राहणार आणि कुठलं जाणार, हे मुख्य डोळ्यावर ठरतं.

समजा हात उजवा आणि मुख्य डोळा डावा. नवशिका पिस्तूल उजव्या डोळ्यासमोर धरतो, कारण हात त्या बाजूला आहे. पण घाईत पुढची साइट टार्गेटवर टेकवतो ती डाव्या डोळ्यानं. दोन बुबुळांमधलं अंतर सहा सेंटिमीटरहून थोडं जास्त, पुढची साइट डोळ्यापासून साधारण हातभर लांब. नळी डावीकडे तोंड करून बसते आणि गोळ्या डाव्या बाजूला जातात.

खरी पंचाईत यापुढे आहे. उजव्या हाताच्या नवशिक्यानं चाप हिसडून ओढला तरी गोळ्या डावीकडेच जातात, सहसा खाली-डावीकडे. प्रत्येक प्रशिक्षकाला हे तोंडपाठ असतं. त्यामुळे डावीकडे पडलेली छिद्रं बघितली की पहिलं वाक्य येतं, ‘चाप हिसडतोयस, हळू ओढ.’ मुलगा आठवडेच्या आठवडे बोटावर मेहनत करतो आणि छिद्रं आपली डावीकडेच. बोट निर्दोष असून शिक्षा भोगतंय आणि डोळ्याकडे कुणी बघितलेलंच नाही, हे मला मनापासून खटकतं. अर्ध्या मिनिटाच्या चाचणीनं हा घोळ मिटतो. कुठल्याही रेंजवर पहिल्या दिवशी, हातात पिस्तूल देण्याच्या आधी, ती चाचणी व्हायलाच हवी.

रायफलला अडचण, पिस्तुलाला सूट

रायफलचा दस्ता खांद्यात रुततो आणि गाल त्याला टेकतो. उजव्या खांद्यावर रायफल असली की साइट आपोआप उजव्या डोळ्यासमोर येते. डाव्या डोळ्याला तिथं पोहोचायला जागाच नाही. म्हणून डावा डोळा मुख्य असलेल्या नवशिक्यांना रायफल आणि शॉटगनमध्ये पुष्कळदा खांदाच बदलायला सांगतात. वयानं लहान असलेल्यांना ते लवकर जमतं.

पिस्तूल हाताच्या टोकाला असतं, चेहऱ्याला ते कुठंच टेकत नाही. नाकासमोर धरलेलं पिस्तूल डाव्या डोळ्यासमोर आणायला ते तीन सेंटिमीटर सरकवलं तरी पुरतं. किंवा हनुवटी किंचित उजव्या खांद्याकडे वळवा, डावा डोळा आपणहून मधे येतो. बस, एवढंच. हात बदलायची गरज नाही. मान मात्र खांद्यावर पाडू नका. डोकं तिरकं झालं की सरळ काय आणि आडवं काय याचा अंदाज बिघडतो, मानही दुखते. हनुवटी वळवायची, डोकं कलंडू द्यायचं नाही.

या वळवण्याला विज्ञानाचीही साथ मिळते. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठातल्या आर्लेन खान आणि डग क्रॉफर्ड यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की मुख्य डोळा कायमचा एकच नसतो. नजर सरळ रेषेपासून साधारण १५ अंश बाजूला गेली की वर्चस्व बदलू लागतं: उजवीकडे बघताना उजवा डोळा पुढाकार घेतो, डावीकडे बघताना डावा. आता हनुवटी उजवीकडे वळवून समोर बघा. डोळे खोबणीत डावीकडे वळलेत ना? म्हणजे ज्या डाव्या डोळ्याला पुढं आणायचं, त्याचंच पारडं जड झालं.

शेरीफच्या माणसानं काय केलं

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर गावी जेफ कूपर यांनी पिस्तुलाच्या वेगवान स्पर्धा भरवायला सुरुवात केली. बहुतेक स्पर्धक कमरेपासून, नेम न धरता झाडायचे. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफच्या पथकातल्या जॅक वीव्हर यांनी वेगळीच वाट धरली. पिस्तूल दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांच्या उंचीपर्यंत आणायचं, साइट बघायची, मग चाप ओढायचा. वेळ जास्त लागणार असं वाटेल, पण कमरेवरून सुटलेल्या पाच गोळ्यांपेक्षा डोळ्यासमोरून सुटलेली एक कामी आली. १९५९ ची स्पर्धा त्यांनी मारली आणि ती पद्धत ‘वीव्हर स्टान्स’ म्हणून रूढ झाली. या वेगवान स्पर्धांत पिस्तूल डोळ्यापर्यंत आलं आणि त्याबरोबर कुठला डोळा हा प्रश्नही आला.

वीव्हरच्या पद्धतीत अंग तिरकं असतं, एक पाय मागे, एक कोपर वाकलेलं. उजव्या हाताला उजवा डोळा असेल तर हे झकास बसतं. डोळा डावा असेल तर मानेला जास्त वळावं लागतं. १९८० च्या दशकात ब्रायन एनोस आणि रॉब लेथम यांनी स्पर्धांमध्ये ‘आयसोसेलीस’ गाजवला. छाती सरळ टार्गेटकडे, दोन्ही हात सारखे ताणलेले आणि पिस्तूल बरोबर मध्यरेषेवर. इथून दोन्ही डोळे सारख्याच अंतरावर. हात-डोळा वेगवेगळ्या बाजूंचे असणाऱ्यांना माझ्या मते याहून सोयीची पद्धत नाही.

‘जॉन विक’ बघितलेल्यांना नायकाची पिस्तूल छातीशी जवळ, तिरपं धरण्याची लकब आठवेल. ती ब्रिटिश प्रशिक्षक पॉल कॅसल यांची ‘सेंटर ॲक्सिस रीलॉक’ पद्धत. अंग जवळजवळ आडवं आणि पिस्तूल आत झुकलेलं. उजव्या हातात असूनही ते डाव्या डोळ्यासमोर येतं. पडद्यावरची ती ऐट मुळात गाडीत किंवा अरुंद बोळात उपयोगी पडावी म्हणून आखलेली आहे.

एका हाताचा खेळ

ऑलिंपिकच्या पिस्तुलात दोन हात चालत नाहीत. पिस्तूल एकाच हातात, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. ऐट म्हणून नव्हे, मोकळा हात लोंबकळला की खांदा हलतो म्हणून.

१० मीटर एअर पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. ६० नेम, ७५ मिनिटं. आता एक हिशेब बघा, मला तो फार आवडतो. हात ५ मिलिमीटर बाजूला डुलला, पण दोन्ही साइट्स एकमेकींच्या रेषेत राहिल्या, तर छर्राही ५ मिलिमीटरच बाजूला जातो. वर्तुळाला चाटून का होईना, दहा मिळतात. उलट हात अगदी स्थिर आहे, पण पुढची साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली आहे. दोन साइट्समध्ये ३० सेंटिमीटर अंतर धरलं तर १० मीटरवर ती चूक ३३ मिलिमीटरची होते. दहाच्या जागी सहा. म्हणूनच प्रशिक्षक बजावतात की नजर पुढच्या साइटवर ठेवा, टार्गेट धूसर दिसू द्या. टार्गेटचा काळा गोळा कापसासारखा पुसट दिसतोय आणि साइटची कड ब्लेडसारखी धारदार, हे बरोबर नेम धरल्याचं लक्षण.

बरेच जण साइट काळ्या गोळ्यावर नेतही नाहीत. काळ्यावर काळी साइट हरवते. ते खालच्या पांढऱ्या पट्टीत थांबतात, आणि त्या हिशेबानं साइटची उंची आधीच अशी बसवलेली असते की छर्रा वर जाऊन मध्यावर लागतो.

डोळा मिटू नका

सिनेमात नेम धरताना एक डोळा मिटतात. रेंजवर असं सहसा कुणी करत नाही, आणि त्यामागे शरीरशास्त्र आहे. एक डोळा घट्ट मिटला की गालाचे आणि पापण्यांचे स्नायू ताणतात, उघड्या डोळ्याचीही पापणी किलकिली होते. शिवाय दोन्ही बाहुल्या एकत्र वागतात. मिटलेल्या डोळ्यात अंधार झाला की उघड्या डोळ्याचीही बाहुली थोडी मोठी होते. बाहुली मोठी झाली की स्वच्छ दिसण्याची खोली कमी होते, म्हणजे साइट स्पष्ट तर टार्गेट आणखी पुसट. ७५ मिनिटं हे चाललं तर शेवटच्या दहा छर्ऱ्यांना डोळा पार थकलेला असतो.

म्हणून ‘ब्लाइंडर’ लावतात. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर चष्म्याला किंवा टोपीला अडकवलेली छोटीशी पट्टी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानं ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद असून चालत नाही. पट्टी पांढरी किंवा अर्धपारदर्शक बरी. डोळ्याला उजेड मिळत राहतो, चित्र मिळत नाही. दुसऱ्या डोळ्यासमोर काही जण लहान-मोठं करता येणारं भोक असलेली झडप लावतात. कॅमेऱ्यात जे काम ॲपर्चर करतं तेच ती करते, जवळचं आणि लांबचं दोन्ही थोडं जास्त स्वच्छ दिसतं.

पॅरिसला २०२४ मध्ये जगानं या सामानाची दोन टोकं एकाच आठवड्यात बघितली. २८ जुलैला महिलांच्या एअर पिस्तुलात कोरियाच्या किम ये-जीनं रौप्य घेतलं. एका डोळ्यासमोर झडप, दुसऱ्यावर पट्टी. एखाद्या विज्ञानपटातून आल्यासारखी ती दिसत होती. त्याच फायनलमध्ये आपल्या मनू भाकरनं कांस्य जिंकलं, नेमबाजीत ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि ३० जुलैला मिश्र सांघिक प्रकारात आला तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा युसुफ दिकेच. रोजचा चष्मा, कानात बोळे, हात खिशात, डोळे दोन्ही उघडे. शेवव्हाल इलायदा तारहान हिच्या जोडीनं त्यानं रौप्य जिंकलं, तुर्कस्तानचं नेमबाजीतलं पहिलं ऑलिंपिक पदक. काही दिवसांत पोल व्हॉल्टचा विश्वविक्रम मोडून आर्मांड डुप्लांटिसनं मैदानातच त्याची नक्कल केली.

दिकेचनं सामान धुडकावलं असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दुसरं चित्र बाजूला सारायला मेंदूला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं, आणि २००८ पासून तो ऑलिंपिक खेळतोय. ज्याचा मुख्य डोळा ठाम आहे त्याला हे सोपं जातं. डळमळीत डोळ्याच्या माणसानं नक्कल केली तर दोन टार्गेटांमधलं खरं कुठलं, हेच कळणार नाही.

कोल्हापूरची तीन सेकंदं

२५ मीटर पिस्तुलाचा वेगवान टप्पा तर डोळ्याची परीक्षाच. हात ४५ अंश खाली, दिवा लागला की वर उचलायचा, साइट जुळवायची, चाप ओढायचा. सगळ्याला मिळून ३ सेकंद, मग ७ सेकंद थांबा, पुन्हा ३. इथं ‘कुठला डोळा’ याचा विचार करायला फुरसत नसते. हात वर येतो तेव्हा साइट आपसूक मुख्य डोळ्यासमोर यायलाच हवी. हाच प्रकार कोल्हापूरच्या राही सरनोबतचा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला तिची आणि थायलंडच्या स्पर्धकाची ३४-३४ अशी बरोबरी झाली. शूट-ऑफमध्ये राहीनं सुवर्ण घेतलं, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

टायगरची टोपी

ब्लाइंडरची कल्पना क्रिकेटमध्येही एकानं शोधून काढली होती. १९६१ मध्ये इंग्लंडात होव्ह इथं मोटार अपघातात मन्सूर अली खान ‘टायगर’ पतौडींच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. ग्लासात पाणी ओतायला गेलं तर ते बाहेर सांडायचं, आणि फलंदाजीला उभं राहिलं की चेंडू दोन दिसायचे. पुढच्या काही महिन्यांत हैदराबादला पाहुण्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी टोपीचा कंगोरा उजव्या डोळ्यावर ओढून घेतला. निकामी डोळ्याचं पुसट चित्र झाकलं गेलं, चेंडू एक झाला, आणि ७० धावा निघाल्या. त्यानंतर ४६ कसोटी, ६ शतकं आणि २१ व्या वर्षी देशाचं कर्णधारपद. नेमबाजाचा ब्लाइंडर आणि पतौडींची टोपी यांचं काम अगदी एकच: मेंदूला गोंधळवणारं चित्र बंद करणं.

हात गेला, नेम राहिला

हंगेरीच्या सैन्यातला कारोय ताकाच उजव्या हाताचा पिस्तूलबाज होता. १९३८ मध्ये सदोष हातबॉम्ब हातातच फुटला आणि तो हात कायमचा गेला. इस्पितळातून आल्यावर त्यानं गुपचूप डाव्या हातानं सराव सुरू केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्ण, तेही विश्वविक्रमासह. १९५२ मध्ये हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण. हाताच्या टोकाला असलेलं पिस्तूल कुठल्याही हातातून डोळ्यासमोर आणता येतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

नजरेच्या तेजाबद्दल एक तिरंदाज सांगायलाच हवा. कोरियाच्या इम दोंग-ह्यूनच्या डाव्या डोळ्याची दृष्टी २०/२०० होती, म्हणजे धडधाकट माणसाला २०० फुटांवरून दिसतं ते बघायला त्याला २० फुटांवर यावं लागायचं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत त्यानं चष्म्याशिवाय ७२० पैकी ६९९ गुण मिळवून विश्वविक्रम केला. रंगांचे पुसट ठिपके दिसतात, त्यांच्या मध्यावर बाण सोडायचा.

लाल ठिपका

आता पिस्तुलांवरही ‘रेड डॉट’ साइट बसवतात. एका छोट्या काचेवर लाल ठिपका उमटतो. तो टार्गेटच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे तीन अंतरांची कटकट संपते. नजर टार्गेटवर ठेवायची आणि दोन्ही डोळे उघडे. हात-डोळा वेगवेगळ्या बाजूंचे असणाऱ्यांचं निम्मं दुखणं यानं जातं.

याचा एक जुना भाऊबंद होता, ‘सिंगलपॉइंट’. त्यातून आरपार काही दिसायचंच नाही. एका डोळ्याला नुसता ठिपका, दुसऱ्याला नुसतं टार्गेट, आणि मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून द्यायचा. नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकी सैनिकांनी उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय युद्धकैद्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला, तेव्हा त्यांच्या बंदुकांवर ही साइट होती. आजच्या रेड डॉटच्या पुढच्या काचेवर चिकटपट्टी लावून बघा, तोच चमत्कार घडतो. फक्त दोन्ही डोळ्यांची दिशा ज्यांची तंतोतंत जुळत नाही, त्यांचा ठिपका थोडा बाजूला सरकतो.

चिकटपट्टी रेंजवर आणखी एका कामाची. ज्याचा दुसरा डोळा मधेमधे लुडबुडतो, त्याच्या सुरक्षा चष्म्याच्या त्या काचेवर अर्धपारदर्शक पट्टीचा बोटाएवढा तुकडा चिकटवतात. अख्खी काच नाही, फक्त साइट जिथून दिसते तेवढंच ठिगळ. डोळा उघडा राहतो, बाजूचं सगळं दिसतं, साइटचं दुसरं चित्र तेवढं धूसर होतं. पोलीस आणि सैनिक दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकतात तेही या बाजूच्या नजरेसाठी. दोन्ही डोळ्यांना मिळून साधारण २०० अंशांचा पट्टा दिसतो. एक डोळा मिटला की एका बाजूचं अंगण नाहीसं होतं, आणि प्रत्येक डोळ्यात जो एक आंधळा ठिपका असतो तो झाकायला दुसरा डोळाही नसतो.

चाळिशीनंतर

चाळिशी उलटली की पुढची साइट पुसट व्हायला लागते. हाताच्या अंतरावर डोळा स्थिर करणारं भिंग आता तितकं लवचिक राहिलेलं नसतं. वाचनाचा चष्मा इथं चालत नाही, तो पुस्तकाच्या अंतराचा. नेमबाज डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फक्त मुख्य डोळ्यासाठी, लांबच्या नंबरात साधारण अर्धा-पाऊण नंबर मिळवून, साइटच्या अंतराची काच करून घेतात.

मुख्य डोळ्याचा विचार नेत्रतज्ज्ञ वेगळ्या कारणासाठीही करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देताना ‘मोनोव्हिजन’चा पर्याय असतो: एक डोळा लांबचं बघायला, एक जवळचं. बहुतेक वेळा मुख्य डोळ्याला लांबचं काम देतात, कारण रस्ता, गाड्या, पाट्या बघताना तोच पुढे असतो. पिस्तूल चालवणाऱ्याची गरज नेमकी उलट, त्याच्या मुख्य डोळ्याला हातभर अंतरावरची साइट धारदार दिसायला हवी. डॉक्टरांना हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. त्यामुळे तुम्ही किंवा घरातलं कुणी रेंजवर जात असेल, तर लेन्स निवडायच्या आधीच डॉक्टरांना तसं सांगा. जाताना पिस्तुलाची पुढची साइट डोळ्यापासून किती सेंटिमीटरवर येते ते टेपनं मोजून, कागदावर लिहून न्या.